ही ओळ कुठली? फँटसी पुस्तकांतल्या कविता-गाण्यांचं मूळ ओळखायला शिकताना

खेळ साधा आहे. एक जण दोन ओळी वाचतो आणि बाकीच्यांनी सांगायचं की त्या कुठल्या फँटसी पुस्तकातल्या. वाचनगटांत आणि कॉलेजच्या क्विझमध्ये हा प्रकार रंगतो, पण नवीन माणूस पहिल्या दोन फेऱ्यांत गांगरून जातो. ओळीत तारे, समुद्र, तलवार, जुना राजा असलं काहीबाही असतं आणि ते तर सगळ्याच पुस्तकांत असतं.

मराठवाड्यातल्या वाचकाला या कामाची अर्धी तालीम आधीच मिळालेली असते. सप्त्यात बसलेल्या माणसाला अभंगाचा शेवटचा चरण कानावर पडला की मालक सापडतो. ‘नामा म्हणे’ आलं की नरसीचे नामदेव, ‘जनी म्हणे’ आलं की गंगाखेडची जनाबाई, ‘एका जनार्दनी’ आलं की पैठण. फँटसीतल्या गाण्याला अशी नाममुद्रा नसते. तिथे गाणारं पात्र, ओळीची बांधणी आणि आत दडलेली नावं यांवरून माग काढावा लागतो. ओळीचा अर्थ आणि ‘मूड’ सगळ्यात शेवटी बघायचा, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते.

आधी हाताशी काय लागतं

- जे. आर. आर. टॉल्किनची ‘द हॉबिट’ (१९३७) आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५). निम्मे प्रश्न इथूनच येतात, कारण दुसऱ्या पुस्तकात साठाहून जास्त कविता-गाणी आहेत.
- लुईस कॅरॉलची दोन ‘एलिस’ पुस्तकं (१८६५ आणि १८७१) आणि ‘द हंटिंग ऑफ द स्नार्क’ (१८७६). तिन्ही प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आणि कायदेशीर मिळतात.
- हॅरी पॉटरचे पहिला, चौथा आणि पाचवा भाग. बाकीच्या भागांत गाणी तुरळक आहेत.
- इंग्रजी बालगीतांचा एखादा जाडजूड संग्रह. हे लोकांना सुचत नाही आणि नेमकं तिथेच मार्क जातात.
- दोनशे पानी वही आणि पेन्सिल.

पुस्तकं मिळवायची कुठून? तालुक्याच्या वाचनालयात इंग्रजी फँटसी क्वचितच दिसते. छत्रपती संभाजीनगरला औरंगपुऱ्यातली दुकानं पालथी घाला, नाहीतर चार जणांनी मिळून एकेक संच मागवा आणि फिरवा. टॉल्किनची तीन खंडांची आवृत्ती घेताना तिसऱ्या खंडाची शेवटची पानं उघडून बघा. तिथे कविता-गाण्यांची वेगळी सूची असते. ती गाळलेली आवृत्ती स्वस्तात मिळाली तरी या कामाला घेऊ नका.

१. ओळ कुठल्या भाषेतून आली ते ठरवा

आपल्याकडे प्रश्न बहुधा मराठीतून वाचला जातो. त्यामुळे पहिला प्रश्न असा की ही ओळ छापील मराठी अनुवादातली आहे की प्रश्न काढणाऱ्याने घरी बसून केलेली? छापील अनुवादात यमक सांभाळण्यासाठी अर्थ थोडा वाकवलेला असतो. घरगुती अनुवादात यमक बहुधा नसतंच, पण शब्द मुळाच्या जवळ असतात. घरगुती असेल तर मनात ती ओळ पुन्हा इंग्रजीत घाला. ‘भटकणारे सगळेच वाट चुकलेले नसतात’ असं ऐकलं की टॉल्किनची मूळ इंग्रजी ओळ, ‘Not all those who wander are lost’, आपोआप वर येते.

कधी चित्रातली लिपी दाखवून विचारतात. इथे लिपी आणि भाषा यांची गल्लत करू नका. निजामकाळचे जुने कागद पाहिलेल्या घरांत हे समजावून सांगावं लागत नाही. कागद मोडीत असला तरी भाषा मराठी असते. टॉल्किनच्या अंगठीवरचा मजकूर असाच आहे. अक्षरं एल्फांची तेंग्वार आणि भाषा मॉर्डोर या दुष्ट राज्याची काळी बोली. ‘एल्फांच्या भाषेतला मजकूर’ असं उत्तर दिलंत की गुण गेला.

२. गातंय कोण आणि कुणासमोर?

फँटसीतलं गाणं लेखक स्वतःच्या तोंडून फारसं म्हणत नाही, कुठल्यातरी पात्राच्या तोंडी घालतो. म्हणून ओळ ऐकली की आधी तिचा प्रकार लावा.

चालताना म्हणायचं गाणं असेल तर वाट, दार, पाय, दिवा, घर हे शब्द येतात. असं दिसलं की हॉबिट लोकांकडे, म्हणजे टॉल्किनच्या ठेंगण्या, घरप्रेमी लोकांकडे जा. खाणं, अंघोळ आणि बिअर यांवरची गाणीही त्यांचीच. निरर्थक ‘ट्रा-ला-ला’ करणारे एल्फ दिसले तर ते ‘द हॉबिट’मधले. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधले एल्फ असा पोरकटपणा करत नाहीत. ‘क्लॅप, स्नॅप’ असे आदळआपट करणारे शब्द आले की ते ‘हॉबिट’मधले गॉब्लिन.

कोडं असेल तर ‘हॉबिट’चं पाचवं प्रकरण. अंधाऱ्या गुहेत पुस्तकाचा नायक बिल्बो आणि गुहेतला प्राणी गोलम एकमेकांना कोडी घालतात. उत्तरं पाठच करून टाका: डोंगर, दात, वारा, डेझीच्या फुलांवरचं ऊन, अंधार, अंडं, मासा, काळ. ‘पाय नाही’ने सुरू होणारं एक आणखी कोडं तिथे आहे, त्याचं उत्तर लांबलचक आहे: मासा, टेबल, माणूस आणि मांजर.

भविष्यवाणी असेल तर आकडे मोजा. सहा जण आणि लाकूड, कांसं, लोखंड, पाणी, अग्नी, दगड अशी यादी आली की सुझन कूपरचं ‘द डार्क इज रायझिंग’ (१९७३). तीन, सात, नऊ आणि एक असा क्रम आला तर सांगायलाच नको, ती टॉल्किनची अंगठ्यांची कविता.

टोपी स्वतःबद्दल बोलत असेल तर ती हॉगवर्ट्सची, म्हणजे हॅरी पॉटरच्या शाळेत मुलांना गटांत वाटणारी. पण तेवढं सांगून भागत नाही. टोपीचं गाणं दर वर्षी नवं असतं आणि आपल्याला छापलेलं मिळतं ते फक्त पहिल्या, चौथ्या आणि पाचव्या भागात. बाकीच्या वर्षी हॅरी या ना त्या कारणाने ते ऐकायला तिथे नसतो. फरक लक्षात ठेवायला सोपा आहे. पहिल्या भागात टोपी स्वतःची ओळख करून देते, चौथ्यात हजार वर्षांपूर्वीच्या चार संस्थापकांची गोष्ट सांगते आणि पाचव्यात ‘एकी ठेवा’ म्हणून इशारा देते.

३. बांधणी मोजा

ओळ इंग्रजीत दिली असेल तर ही पायरी सोन्यासारखी आहे. मराठीत दिली असेल तर सोडून पुढे जा.

इंग्रजी पद्यात आपल्यासारखी अक्षरं मोजायची नाहीत, ठोके मोजायचे. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अक्षरं मोजायची सवय असेल तर हात टेबलावर ठेवा आणि आघाताच्या शब्दावर बोट आपटा. चार ठोके, मग तीन, पुन्हा चार, मग तीन, आणि यमक फक्त दुसऱ्या-चौथ्या ओळीला, असं झालं की ते बॅलड, म्हणजे गोष्ट सांगणारं गीत. बॅलड सगळेच लिहितात, त्यामुळे एवढ्यावरून काही ठरत नाही. ठरवायला उपयोगी पडतात त्या खालच्या तीन बांधण्या.

पहिली: ‘अ अ ब अ’ यमक आणि तिसऱ्या ओळीत पोटयमक. दख्खनीत लिहिणाऱ्या सिराज औरंगाबादींच्या भागात रुबाईची यमकरचना कुणाला नवीन नाही. तशी रचना आणि वर खाणी, सोनं, वीणा असा मामला असेल तर ‘हॉबिट’च्या पहिल्याच प्रकरणात बिल्बोच्या घरी बसलेले बुटके.

दुसरी: यमक अजिबात नाही, ओळ मधोमध तुटलेली, दोन्ही बाजूंना दोन-दोन ठोके, आणि पहिल्या तीन ठोक्यांना एकच आद्याक्षर. हे जुन्या इंग्रजीतलं अनुप्रासाचं वृत्त. टॉल्किन ते रोहन या त्याच्या काल्पनिक देशातल्या घोडेस्वारांसाठी वापरतो. रणांगणावरच्या त्यांच्या आरोळ्या आणि मेलेल्यांची नावं गुंफलेलं गाणं या वृत्तात आहे.

तिसरी: चार ओळींच्या कडव्यात पहिल्या तीन ओळी चार ठोक्यांच्या, चौथी तीन ठोक्यांवर अडखळणारी, आणि अर्धे शब्द कुठल्याही कोशात नसलेले. ही कॅरॉलची कविता ‘जॅबरवॉकी’. इथला नेहमीचा सापळा म्हणजे ती पहिल्या ‘एलिस’मध्ये आहे असं सांगणं. ती दुसऱ्या पुस्तकात, ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’मध्ये आहे, आणि तिचं पहिलं कडवं तर कॅरॉलने १८५५ मध्येच लिहून ठेवलं होतं. ‘वॉलरस आणि सुतार’ हीसुद्धा दुसऱ्याच पुस्तकातली, आणि ती म्हणणारा ट्वीडलडी आहे, ट्वीडलडम नाही.

४. आता नावं बघा

नावं शेवटी बघायला सांगणारे लोक आहेत. त्यांचं ऐकू नका, पण नावांवर पहिली उडीही मारू नका. प्रश्न काढणारा हुशार असेल तर त्याने नावं गाळलेलीच असतात. राहिली असतील तर त्यांचा आवाज ऐका. ल, र आणि लांब स्वर यांनी भरलेली ओळ एल्फांची. ‘आई! लाउरिए…’ अशी सुरुवात असेल तर ती क्वेन्या भाषा, आणि अंगठी घेऊन निघालेला फ्रोडो व त्याचे सोबती लोरिएन हे एल्फांचं अरण्य सोडतात तेव्हा तिथली गालाद्रिएल ते गाते. ‘आ एल्बेरेथ…’ हे सिंदारिन, रिव्हेंडेल या एल्फांच्या ठिकाणच्या दालनातलं. एल्फांच्या दोन भाषांतला हा फरक विचारला की निम्मे भिडू गळतात.

५. ओळ पुस्तकापेक्षा जुनी तर नाही?

सगळ्यात जास्त गुण इथे जातात, म्हणून इथे जरा बसू.

फँटसी लेखक जुन्या ओळी तीन रीतींनी वापरतात. एक, जशीच्या तशी उचलतात. दोन, तिचं विडंबन करतात. तीन, तिचा सांगाडा घेऊन नवी ओळ बांधतात. तिन्हींत उत्तर वेगळं द्यावं लागतं.

जशीच्या तशी उचललेली: ‘जा, तुटता तारा पकडून आण’ अशा अर्थाची ओळ डायना विन जोन्सच्या ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’मध्ये (१९८६) शाप म्हणून येते. ओळ मात्र इंग्रजी कवी जॉन डनची. डन १६३१ मध्ये वारला. उत्तरात दोन्ही नावं हवीत, नुसतं पुस्तकाचं नाव अर्धं उत्तर. आणि हे कळायला पुस्तकच वाचायला हवं, कारण २००४ च्या ॲनिमेशनपटाचा या कवितेवर भर नाही. हम्प्टी डम्प्टी, ट्वीडलडम-ट्वीडलडी आणि टार्ट बनवणारी बदामराणी यांची कडवीही अशीच. ती कॅरॉलने लिहिलेली नाहीत, त्याच्या आधीपासून मुलांच्या तोंडी होती. बदामराणीचं तर १७८२ मध्ये छापलेलं आहे. ‘एलिस’ म्हटलं म्हणजे पुस्तक बरोबर, कवी चूक.

विडंबन: पहिल्या ‘एलिस’मधली बहुतेक गाणी त्या काळच्या शाळेत घोकून घेतलेल्या उपदेशपर कवितांची टिंगल आहेत. कष्टाळू मधमाशीवरची आयझॅक वॉट्सची कविता कॅरॉलकडे आळशी, हसतमुख मगरीची होते. रॉबर्ट सदीचा शांत, पुण्यवान म्हातारा कॅरॉलकडे डोक्यावर उभा राहतो आणि कोलांट्या मारत दारातून आत येतो. आज मूळ कविता कुणाला आठवत नाहीत, विडंबनंच शिल्लक राहिली. म्हणून प्रश्न उलटाही येतो. मधमाशीची ओळ वाचून ‘कुठली?’ विचारतात आणि लोक घाईने ‘एलिस’ म्हणतात.

सांगाडा: याचं एक उदाहरण पायरी-पायरीने सोडवू. प्रश्न असा:

‘कुठे गेला घोडा, कुठे गेला स्वार? कुठे गेलं ते घुमणारं शिंग?’

प्रकार पहिला लागतो तो विलापाचा. ‘कुठे गेलं, कुठे गेलं’ हा गेलेल्यांची आठवण काढण्याचा जुना साचा आहे. घोडा सगळ्यांत आधी आलाय, राजा किंवा राजवाडा नाही. म्हणजे गाणारे लोक घोड्यावर जगणारे, म्हणजे रोहन. इथे मघाचा नियम दगा देतो. रोहन म्हटलं की अनुप्रासाचं वृत्त शोधायची सवय लागते, पण या गाण्याला चक्क ओळीअंती यमक आहे. कारण ते म्हणतो ॲरागॉर्न, रोहनबाहेरचा भटका योद्धा. आधी रोहनच्या भाषेत म्हणतो, मग सोबत्यांना कळावं म्हणून सर्वांच्या बोलीत उतरवतो. जागा ‘द टू टॉवर्स’, रोहनची राजधानी एडोरासला पोहोचतानाची, गोल्डन हॉलच्या प्रकरणात. आता शेवटचा प्रश्न, याच्या मागे काय आहे? ‘द वाँडरर’ ही जुन्या इंग्रजीतली कविता, एक्सटरच्या कॅथेड्रलमधल्या दहाव्या शतकातल्या हस्तलिखितात सापडणारी. तिथेही घोडा कुठे, स्वार कुठे असंच विचारलंय. एवढं सगळं सांगितलं तर उत्तर पूर्ण.

याच जातीची दुसरी ओळ ‘सोनं असतं ते सगळं चकाकत नाही’ ही. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधली म्हण उलटी फिरवलेली. मघाची भटकणाऱ्यांची ओळ याच कवितेतली, लगेच पुढची. टीशर्टवर आणि स्टेटसवर ती टॉल्किनचं सुवचन म्हणून फिरते. पुस्तकात ती ॲरागॉर्नबद्दल बिल्बोने केलेली कविता आहे आणि आपल्याला प्रथम भेटते ती ब्री गावच्या खानावळीत मिळालेल्या, जादूगार गँडाल्फच्या पत्रात.

आपल्याकडचा एक खास सापळा: प्रश्न काढणारा मध्येच ‘मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्याशी’ टाकतो आणि सगळे कुठल्या परदेशी कादंबरीतलं म्हणून डोकं खाजवत बसतात. मुक्ताबाईचा अभंग आहे तो. संतांची कूट रचना आणि कॅरॉलची अर्थहीन कविता कानाला सारखी वाटते, पण कुटाला आत अर्थ असतो. ओळ थेट जुन्या मराठी वळणाची दिसली तर आधी घरात शोधा. तसंच विंदा करंदीकरांचा ‘एटू लोकांचा देश’ आणि रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’, ‘निम्मा शिम्मा राक्षस’ या नाटकांतली गाणी विसरू नका. फँटसी म्हटलं की आपली मुलं थेट इंग्लंडला पोहोचतात.

६. पुस्तक की पडदा?

नव्या भिडूंनी बहुतेक गाणी सिनेमातून ऐकलेली असतात. ‘कुठल्या पुस्तकातलं?’ या प्रश्नाला ‘पुस्तकातलं नाहीच’ हे उत्तर असू शकतं, हे त्यांच्या डोक्यात येत नाही. हे नेहमीचे गुन्हेगार:

- इंद्रधनुष्यापलीकडच्या देशाचं गाणं. ‘ओझ’चं पुस्तक १९०० चं, गाणं १९३९ च्या सिनेमाचं. पुस्तकात नाही.
- हॉगवर्ट्सच्या पोरांनी बेडूक हातात धरून गायलेलं गाणं. २००४ चा तिसरा सिनेमा. पुस्तकात नाही, शब्द ‘मॅकबेथ’मधल्या चेटकिणींचे.
- दरबारात राजप्रतिनिधी जेवत असताना पिपिन हा हॉबिट गातो ते गाणं. २००३ चा ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा सिनेमा. शब्द टॉल्किनच्या पुस्तकातलेच, पण तिथे ते शायर या हॉबिटांच्या मुलखात रात्री चालता चालता मजेत म्हटलेलं गाणं आहे. चाल पिपिनचं काम करणाऱ्या बिली बॉयडने बांधली.
- मघाचा घोडा आणि स्वार. सिनेमात ते रोहनचा राजा थिओडेन चिलखत चढवून घेताना म्हणतो, पुस्तकात ॲरागॉर्न. ‘कोण म्हणतं?’ विचारलं की आधी उलट विचारा, पुस्तकात की सिनेमात?
- जेनीचं गाणं. जॉर्ज मार्टिनच्या पुस्तकात त्याची जेमतेम एक ओळ आहे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या त्यावरच्या मालिकेत २०१९ मध्ये ते वाढवून पूर्ण केलं. दुसरी ओळ ऐकू आली तर उत्तर मालिका.
- रोआल्ड डालच्या ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’तल्या ऊम्पा-लूम्पांची गाणी. १९६४ च्या पुस्तकातली वेगळी, १९७१ च्या सिनेमातली वेगळी, आणि २००५ च्या सिनेमाने पुन्हा पुस्तकातले शब्द घेतले. तिन्ही ऐकून ठेवल्याशिवाय याचं उत्तर देऊ नका.

७. एकच गाणं, अनेक जागा

‘वाट पुढे पुढे जाते’ हे गाणं सगळ्यांना येतं, म्हणूनच सगळे चुकतात. ‘हॉबिट’च्या शेवटी बिल्बो घराजवळ आल्यावर त्याचं एक रूप म्हणतो. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पहिल्या प्रकरणात घर सोडताना तोच दुसरं रूप म्हणतो, त्यात पाय उत्सुक आहेत. दोन प्रकरणांनंतर फ्रोडो तेच म्हणतो, पण पाय थकलेले. आणि तिसऱ्या खंडात म्हातारा बिल्बो रिव्हेंडेलमध्ये पेंगता पेंगता म्हणतो, तेव्हा तो वाट इतरांवर सोपवून दिवा लागलेल्या खानावळीकडे वळतो. म्हणजे उत्तर पायांवर आणि खानावळीवर ठरतं. असा एखादा बदललेला शब्द प्रत्येक पुनरावृत्तीत असतो. तो वहीत लाल पेनाने लिहून ठेवा.

अंगठीच्या आठ ओळी पुस्तक उघडताच छापलेल्या आहेत, पुन्हा दुसऱ्या प्रकरणात गँडाल्फ म्हणतो, आणि त्यातल्या दोनच ओळी अंगठीवर कोरलेल्या आहेत. चंद्रावरच्या माणसाचं गाणं फ्रोडो ब्रीच्या खानावळीत टेबलावर चढून गातो, पण तेच १९६२ च्या ‘ॲडव्हेंचर्स ऑफ टॉम बॉम्बाडिल’ या सोळा कवितांच्या संग्रहातही आहे. शिवाय मांजर, सारंगी, चंद्रावरून उडी मारणारी गाय हे सगळं इंग्रजी बालगीतातून आलंय. तेव्हा इथे पायरी ५ आणि ७ दोन्ही लागतात.

८. घरी शोध घेताना

खेळात फोन बंद. घरी तयारी करताना मात्र शोध हवाच, आणि तो नीट केला नाही तर चुकीचं पाठ होतं.

ओळीतले चार ते सहा शब्द सलग, अवतरणचिन्हांत टाका. तारे, रात्र, समुद्र असे शब्द असलेला तुकडा घेऊ नका, विचित्र शब्द असलेला घ्या. काही सापडलं नाही तर तुकडा बदला, कारण ओळ आठवणीतून दिली असेल तर एखादा शब्द हमखास इकडचा तिकडे झालेला असतो.

उतरवून घेतलेल्या फाइलमध्ये शोध लागत नसेल तर बहुतेक वेळा अपॉस्ट्रॉफीचा दोष असतो. तुमचा कीबोर्ड सरळ खूण देतो, पुस्तकात वळणदार असते, आणि जुन्या पद्यात अशा खुणा पावलोपावली. तो शब्दच वगळून शोधा. पीडीएफमध्ये ओळ तुटते तिथे शोध तुटतो, म्हणून एका ओळीतलेच शब्द घ्या, दोन ओळी जोडू नका. मराठी अनुवादात शोधताना अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही प्रकारे टाकून बघा.

सुविचारांच्या साइट्सवर भरवसा ठेवू नका. तिथे पात्राचं वाक्य लेखकाच्या नावावर आणि सिनेमाचं वाक्य पुस्तकाच्या नावावर सर्रास असतं. चॅटबॉटला विचारलं तर पुस्तक बहुधा बरोबर येतं, पण प्रकरणाचं नाव आणि गाणारं पात्र तो ठणकावून चुकीचं सांगू शकतो. पान उघडून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वहीत नोंद करू नका.

९. वही कशी ठेवायची

प्रत्येक गाण्याला एक पान आणि त्यावर सहा गोष्टी: पहिली ओळ, बांधणी, कोण गातं, कुणासमोर, कुठलं प्रकरण, आधीचं मूळ. पान क्रमांक लिहू नका, आवृत्ती बदलली की निरुपयोगी. प्रकरण लिहा. मागच्या पाच पानांवर शब्दसूची करा: घोडा, वाट, चंद्र, अंगठी, मगर. खेळात पहिली ओळ क्वचितच विचारतात, मधली विचारतात, आणि तेव्हा ही सूची कामाला येते. दर आठवड्याला पाच गाणी मोठ्याने म्हणा. मनात वाचलेलं पद्य कानाला ओळखू येत नाही.

१०. प्रश्न काढायची पाळी आली तर

वीस प्रश्न पुरेत. आठ सोपे, आठ मध्यम, चार अवघड. प्रत्येकी दोनच ओळी द्या. खेळायला तेवढ्या पुरतात आणि हक्काचा प्रश्नही उभा राहत नाही. टॉल्किन १९७३ मध्ये गेला, भारतीय कायद्याने हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, म्हणजे २०३३ अखेरपर्यंत. अख्खी गाणी छापून वाटायची तर कॅरॉल घ्या.

गुण एकदम देऊ नका. दहापैकी चार पुस्तकाला, दोन प्रकरणाला, दोन गाणाऱ्याला, दोन जुन्या मुळाला. यामुळे अर्धं माहीत असलेला माणूसही खेळात टिकतो. जुनं मूळ नसेलच तर ‘नाही’ असं सांगणाऱ्यालाच ते दोन गुण, गप्प बसणाऱ्याला नाही. ‘पुस्तक की पडदा’ हे प्रश्नातच स्पष्ट लिहा, नाहीतर भांडण ठरलेलं.

प्रश्न कागदावर छापून आणा. लाइट गेली की प्रोजेक्टर बंद, आणि मे महिन्यात ती जाणारच. एका प्रश्नाला नव्वद सेकंद, ओळ दोनदा वाचायची, दुसऱ्यांदा सावकाश आणि ठोके स्पष्ट ठेवून. अभ्यासिकेच्या शेजारी खेळ मांडला असेल तर गाऊन दाखवण्याचा मोह आवरा, पलीकडे एमपीएससीवाले बसलेले असतात.

वाद झाला तर ज्याचा दावा त्याने पुस्तकात पान काढून दाखवायचं, पुढचा प्रश्न संपेपर्यंत. पान निघालं नाही तर प्रश्न काढणाऱ्याचं उत्तर कायम.